बुडालेल्या जहाजांच्या भेटीला

(नागपूर येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. नागपूर हे देशाच्या मध्यावर वसलेले शहर. येथून समुद्र शेकडो मैल दूर. अशा ठिकाणी बुडालेल्या जहाजांविषयी आणि ती पाहण्यासाठी पाण्याखाली उतरण्याविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, विदर्भातील माणूस आता समुद्राकडे मोठ्या संख्येने जाऊ लागला आहे. शाळांच्या सहली मालवण, तारकर्ली, गोवा येथे जातात. दिवाळीच्या व नाताळच्या सुटीत कुटुंबेच्या कुटुंबे कोकणात उतरतात. तेथे गेल्यावर पाठीवर हवेची टाकी बांधून सागरतळ पाहण्याचा मोह तरुणांना होतो. ज्याने जन्मात तलावाखेरीज पाणी पाहिले नाही, तोही पाचदहा मिनिटांच्या सूचना ऐकून समुद्रात उतरतो. अशा माणसाला आवश्यक ती माहिती घरून निघण्यापूर्वीच मिळाली पाहिजे. दुसरे उत्तर असे की, पाण्याशी आपले नाते समजतो तितके दूरचे नाही. नाग नदीचे पाणी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे प्राणहिता व गोदावरी यांच्या मार्गाने ते बंगालच्या उपसागरात जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांत पिढ्यानपिढ्या बुड्या मारणारा ढीवर समाज आपल्याच प्रदेशातला आहे.

या व्याख्यानात मला मुख्यतः दोन नियम सांगावयाचे आहेत. पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये, आणि बुडालेल्या जहाजातील वस्तूला कधीही हात लावू नये. पहिला नियम माणसाचा जीव वाचवतो. दुसरा नियम इतिहासाचा जीव वाचवतो. बाकीचे बहुतेक सर्व या दोहोंच्या अनुषंगाने येते.

पाण्याखाली काय आहे?

महाराष्ट्र व गोव्याचा किनारा शतकानुशतके जहाजांच्या वर्दळीचा आहे. जेथे वर्दळ असते तेथे अपघात होतात आणि लढायाही होतात. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. इंग्रजांच्या तोफगोळ्याने एका जहाजाला लागलेली आग एकमेकांना बांधून ठेवलेल्या इतर जहाजांवर पसरली आणि मराठ्यांच्या आरमारी सामर्थ्याचा एक मोठा भाग एका दिवसात नाहीसा झाला. त्याच विजयदुर्गानजीक पाण्याखाली दगडी भिंतीसारखे एक बांधकाम आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली आहे.

१९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत १९८१ पासून डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले. गोव्याच्या समुद्रात संस्थेने ज्या बुडालेल्या जहाजांचा अभ्यास केला, त्यांपैकी तीन ठिकाणे आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. सुंची रीफ या खडकाजवळ सतराव्या शतकाच्या प्रारंभीच्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. त्यांत तोफा, नांगर, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी होती. आफ्रिका, भारत आणि चीन यांचा व्यापार एकाच गलबतात कसा एकवटला होता, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. सेंट जॉर्ज रीफ येथे एकोणिसाव्या शतकातील जहाजाचा माल मिळाला. तो होता कौले, विटा आणि मातीचे नळ. त्यांतील काही कौलांवर बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव व १८६५ हे वर्ष कोरलेले आहे. आमी शोल्स येथे वाफेवर चालणाऱ्या एका आगबोटीचे बॉयलर व यंत्रभाग पडून आहेत. हे सर्व अवशेष किनाऱ्यापासून फार दूर नाहीत आणि फार खोलही नाहीत. खडकांवर आपटून बुडालेली जहाजे बहुधा उथळ पाण्यातच सापडतात.

मात्र बुडालेले प्रत्येक जहाज हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. कोकणातील कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण आजही काढली जाते. अशा ठिकाणाकडे स्मशानाकडे पाहावे त्या भावनेने पाहिले पाहिजे. त्याचप्रमाणे वादळात किनाऱ्यावर येऊन रुतलेले जहाज हेही नवशिक्याचे ठिकाण नव्हे. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर 'बसरा स्टार' हे जहाज असेच रुतले होते. अशा जहाजाचे गंजलेले पत्रे लाटांनी हलत असतात, आत तेल असू शकते, आणि कोणता भाग केव्हा कोसळेल याचा नेम नसतो.

जगात इतरत्र नवशिक्यांना किनाऱ्यावरून चालत जाऊन पाहता येतील अशी काही जहाजे आहेत. त्यांतील प्रसिद्ध उदाहरण इंडोनेशियातील बाली बेटावरील तुलाम्बेन गावाचे. 'लिबर्टी' या अमेरिकी मालवाहू जहाजावर जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने हल्ला केला. जायबंदी जहाज ओढत आणून किनाऱ्यावर चढवण्यात आले. १९६३ साली आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि ते घसरून पाण्यात गेले. त्याचा वरचा भाग किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाच मीटर खोलीवर आहे, तर खालचा भाग तीस मीटरपर्यंत जातो. नवशिक्याने वरच्या भागातच राहावे आणि खोलीचा मोह टाळावा, हे तेथे प्रथम शिकवले जाते.

आपल्या राज्यातही या दिशेने पाऊल पडले आहे. भारतीय नौदलातून १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवती खडकांच्या परिसरात पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती म्हणून उपयोगात आणण्याचा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतला. अशा नौकेतील तेल व घातक पदार्थ आधी काढावे लागतात आणि आत-बाहेर जाण्याचे मार्ग मोकळे करावे लागतात. लोखंडी सांगाड्यावर कालवे आणि शेवाळ धरते, त्यामागून लहान मासे आणि त्यांच्यामागून तांबोशी, हेकरू यांसारखे मोठे मासे येतात. म्हणजे जहाजाचा अंत हा दुसऱ्या एका वस्तीचा आरंभ ठरतो.

उथळ म्हणजे सुरक्षित नव्हे

आता पहिल्या नियमाकडे वळू. सामान्य समजूत अशी की, खोल पाणी धोक्याचे आणि उथळ पाणी सुरक्षित. हवेच्या दाबाच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे. शिक्षक मंडळींना बॉईलचा नियम परिचित आहे. दाब वाढला की हवेचे आकारमान त्याच प्रमाणात घटते. समुद्रात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. पृष्ठभागावर एक वातावरण, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. म्हणजे दाब दुप्पट होण्याची क्रिया पहिल्या दहा मीटरमध्येच घडते. पुढे वीस ते तीस मीटर या टप्प्यात तो तीनाचा फक्त चार होतो.

याचा अर्थ काय? दहा मीटरवर टाकीतून छातीभर हवा घेऊन श्वास रोखलेला माणूस वर आला, तर त्याच्या फुप्फुसांतील हवा दुप्पट होऊ पाहते. फुप्फुस काही फुग्यासारखे वाटेल तितके ताणले जात नाही. ते फाटू शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. पूर्ण भरलेल्या फुप्फुसांनिशी अवघे सव्वा मीटर वर येतानाही अशी इजा होऊ शकते. ही खोली पोहण्याच्या तलावाच्या उथळ बाजूची आहे. तलावात बुडी मारणारा आपला ढीवर वरची हवा घेऊन जातो आणि तीच हवा घेऊन परततो, म्हणून त्याला हा धोका नसतो. टाकीतील दाबाखालची हवा घेणाऱ्याला मात्र तो पावलोपावली असतो. म्हणून नियम एकच. श्वास सतत, संथ आणि खोल चालू ठेवावा, आणि वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा अधिक वेग ठेवू नये.

कानांचेही तसेच. खाली जाताना पहिल्या दोनतीन मीटरमध्येच कानांवर दाब जाणवतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली म्हणजे तो सारखा होतो. हे दुखण्यापूर्वी करावे, दुखल्यानंतर नव्हे. सर्दी असताना कान उघडत नाहीत. अशा दिवशी पाण्यात उतरूच नये, मग कितीही पैसे भरलेले असोत.

नागपुरात करावयाची तयारी

ही तयारी समुद्रावर जाऊन करावयाची नाही, ती येथेच होऊ शकते. सागरी पर्यटनात दोन प्रकार आहेत. एक, मार्गदर्शकाने हात धरून काही मिनिटे उथळ पाण्यात फिरवून आणणे. दुसरा, रीतसर अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र घेणे. बुडालेले जहाज पाहावयाचे असेल त्याने दुसराच मार्ग धरावा. प्राथमिक अभ्यासक्रमात सिद्धान्त, बंदिस्त पाण्यातील सराव आणि समुद्रातील बुड्या असे तीन भाग असतात. तो पूर्ण केलेल्याला साधारणतः अठरा मीटर खोलीची मर्यादा घातलेली असते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण संस्था उभारली आहे.

या अभ्यासक्रमाची रूढ पूर्वअट दोनशे मीटर न थांबता पोहणे व दहा मिनिटे तरंगत राहणे ही आहे. शहरातील कोणत्याही जलतरण तलावात दोनतीन महिन्यांच्या नियमित सरावाने ती पुरी करता येते. दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाचे जुने दुखणे किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय जाऊ नये. गर्भवती स्त्रियांनी पाण्याखाली उतरू नये. दहा वर्षांखालील मुलांना बहुतेक संस्था समुद्रात टाकी लावून नेत नाहीत, आणि पालकांनीही तसा आग्रह धरू नये. आरोग्याविषयीच्या प्रश्नपत्रिकेत खोटी उत्तरे देणारा प्रशिक्षकाला नव्हे, स्वतःलाच फसवतो.

किनाऱ्यावरून पाण्यात

कोकणात बहुतेक ठिकाणी लहान नावेतून थोडे अंतर जावे लागते, कारण किनाऱ्यालगतचे पाणी लाटांमुळे व गाळामुळे गढूळ असते. नावेतून असो वा किनाऱ्यावरून असो, पुढील क्रम सारखाच उपयोगी पडतो.

प्रथम समुद्र पाहावा. नोव्हेंबर ते मार्च हा काळ सामान्यतः स्वच्छ पाण्याचा. पावसाळ्यात या किनाऱ्यावर पाण्याखालचे पर्यटन बंद असते आणि ते योग्यच आहे. नारळी पौर्णिमेपूर्वी कोळी समुद्रात होडी घालत नाही, हा अनुभवाने ठरलेला नियम आहे. उधाणाच्या भरती-ओहोटीला पाण्याची ओढ अधिक असते, भांगाच्या दिवसांत कमी. हे पंचांगावरून अंदाजता येते, पण अखेरचा शब्द स्थानिक मच्छीमाराचा मानावा.

दुसरे, पाण्यात शिरण्याची व बाहेर येण्याची जागा आधी ठरवावी. किनाऱ्यावरून उतरताना सामान अंगावर असते, पायांत लांब पंखे असतात आणि लाटा गुडघ्यावर आदळतात. अशा वेळी जोडीदाराला धरून, पाय वाळूवर घासत चालावे. त्यामुळे तोल राहतो आणि वाळूत लपलेले पाखट काटा मारण्याऐवजी दूर जाते. कंबरभर पाण्यात पोहोचताच पोहू लागावे, लाटांत उभे राहू नये.

तिसरे, जाताना ओढीच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकलेल्या अवस्थेत परतताना पाणी मदत करील. हवेचे तीन भाग समजावेत. एक जाण्यास, एक येण्यास आणि एक अडचणीसाठी राखीव. खोली वाढली की हवाही लवकर संपते. दहा मीटरवर प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा दुप्पट हवा लागते.

चौथे, एकट्याने कधीही जाऊ नये. जोडीदार दृष्टीआड झाला तर सुमारे एक मिनिट शोधावे आणि दोघांनीही सावकाश वर यावे. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची सवय लावावी.

जहाजाजवळ गेल्यावर नवशिक्याने बाहेरूनच पाहावे. आत शिरू नये. आतील गाळ एका पंख्याच्या फटक्याने उठतो आणि क्षणात दारही दिसेनासे होते. गंजलेल्या कडा हातमोजे कापतात. सांगाड्यात अडकून राहिलेली जुनी जाळी डोळ्यांना सहज दिसत नाहीत. पाण्याखाली वस्तू खऱ्याहून मोठ्या व जवळ भासतात, म्हणून अंतराचा अंदाज चुकतो.

धोका केवळ पाण्याखाली असतो असेही नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करून परतणाऱ्या पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. तळाशी जाऊन सुखरूप आलेली माणसे किनाऱ्याजवळ संकटात सापडली. म्हणून नावेत बसताच जीवरक्षक जाकीट अंगात घालावे आणि नाव किनाऱ्याला लागेपर्यंत ते काढू नये. नावेत माणसे जास्त झाली असतील तर चढण्यास नकार द्यावा.

परतीचा प्रवास

नागपूरकरांच्या दृष्टीने एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. दाबाखाली श्वास घेताना हवेतील नत्र वायू शरीरात विरघळतो आणि बाहेर पडण्यास त्याला वेळ लागतो. लगेच उंचावर गेल्यास बाहेरचा दाब कमी होऊन या वायूचे बुडबुडे सांध्यांत व मज्जारज्जूत तयार होऊ शकतात. म्हणून एकाच बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास विमानप्रवास करू नये. सकाळी समुद्रात आणि दुपारी गोव्याहून विमानात, असा बेत आखू नये. मोटारीने परतणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. सहलीचा शेवटचा दिवस किल्ला, मंदिर, बाजार यांसाठी राखून ठेवला की हा प्रश्न आपोआप सुटतो.

हात न लावण्याचा नियम

आपल्या शहरातील अजब बंगल्यात आपण मुलांना नेतो, तेव्हा वस्तूंना हात लावू नका असे बजावतो. बुडालेले जहाज हे असेच एक संग्रहालय आहे, मात्र तेथे काचेची कपाटे नाहीत आणि पहारेकरीही नाही. जमिनीवरील जुन्या वस्तीत अनेक शतकांच्या वस्तू एकमेकींत मिसळलेल्या असतात. जहाजातील सर्व वस्तू मात्र एकाच दिवशी, एकाच प्रवासात बुडालेल्या असतात. कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी होती, यावरून जहाज कोठून आले व कोठे निघाले होते हे अभ्यासक ठरवतात. म्हणूनच ते वस्तू उचलण्यापूर्वी तिची जागा मोजून नकाशावर नोंदवतात. सुंची रीफचे एखादे भांडे कोणी शोभेसाठी घरी नेले असते, तर ते फक्त एक जुने भांडे उरले असते.

शिवाय अशी वस्तू घरी टिकतही नाही. शेकडो वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेल्या लोखंडात व मातीत मीठ मुरलेले असते. ती वस्तू वाळली की मिठाचे स्फटिक होऊन ती आतून फुटते. लाकूड आकसते आणि त्याला तडे जातात. प्रयोगशाळेत दीर्घकाळ प्रक्रिया केल्यावरच ती वाचते. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू सामान्यतः पुरावस्तू ठरते. युनेस्कोच्या २००१ च्या करारानेही पाण्याखालील वारसा शक्यतो जागच्या जागी जपावा हे तत्त्व मांडले आहे. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून अधिसूचित आहे. तेथील प्रवाळ मोडणे हाही गुन्हाच. काही विशेष दिसले तर छायाचित्र घ्यावे, जागा लक्षात ठेवावी आणि प्रशिक्षकामार्फत संबंधित अधिकाऱ्यांना कळवावे.

शिक्षक व पंचायतींचे कार्य

मित्रहो, सर्वांनीच समुद्रात उतरावे असे माझे म्हणणे नाही. पण पाण्याची शिस्त सर्वांनाच हवी. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नौका उलटून तरुण मुले बुडाली. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत नाव उलटून एकाच कुटुंबातील व नात्यातील माणसे दगावली. समुद्र दूर असला तरी पाणी दारातच आहे.

शिक्षकांनी सहलीपूर्वी एक तास या विषयाला द्यावा. बॉईलचा नियम फळ्यावर लिहिण्याबरोबरच फुगा बादलीत खोल दाबून दाखवावा. पोहता न येणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी सहलीआधी करावी. समुद्रकिनारी स्थानिक माणसाला विचारल्याविना कोणासही पाण्यात जाऊ देऊ नये. पंचायतींनी आपल्या तलावाच्या काठी एक लांब दोरी, एक बांबू व हवा भरलेली ट्यूब कायम ठेवावी. बुडणाऱ्याला आधी बांबू पोहोचवावा, नाही जमले तर दोरी फेकावी, आणि प्रशिक्षण नसलेल्याने पाण्यात उडी टाकू नये. नागपुरातच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी आहे. तिच्या मार्गदर्शनासाठी जिल्हा प्रशासनामार्फत प्रयत्न व्हावा. गावातील ढीवर बांधवांना पोहण्याचे शिक्षक म्हणून मानधन देता येईल काय, याचाही विचार व्हावा. त्यांच्याजवळचे ज्ञान आपण आजवर संकटाच्या वेळीच आठवतो.

सुंचीच्या खडकाशी रुतलेल्या तोफा सुमारे चारशे वर्षे तेथे आहेत. त्या पाहण्याची घाई कोणालाच नाही. यंदा तलावात पोहण्यास शिकलेला मुलगा काही वर्षांनी समुद्राखाली उतरेल, श्वास चालू ठेवील, हात आवरील आणि जसे पाहिले तसेच पुढच्यासाठी ठेवून परतेल. तो सुखरूप परतावा आणि त्याने पाहिलेले जहाजही सुरक्षित राहावे, यासाठीची पहिली पायरी आपल्या गावच्या तलावावर आहे. ती बांधण्याचे काम आपण सर्वांनी मिळून करावे, एवढी विनंती आहे.